चिक्कू म्हणवून घेणारा दिलदार माणूस : जॅक बेनी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आपल्या चिटणीसांनी तीनदा पाठवला. मी अकरा वर्षे सोसायटीचा खजिनदार होतो, तेव्हा हिशेबाच्या आठवणी लिहीन असे त्यांना वाटले असावे. पण हिशेब तुम्ही दर वर्षी सभेत ऐकलाच आहे आणि त्यावरून मला काय काय ऐकावे लागले तेही तुम्ही ऐकले आहे. म्हणून मी दुसऱ्याच एका चिक्कू माणसाची गोष्ट सांगणार आहे.

आमच्या पिढीचे बालपण रेडिओसमोर गेले. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, आणि मुंबई केंद्रावर पुन्हा प्रपंच. त्यातल्या मीनावहिनी, टेकाडे भावजी आणि पंत ही माणसे शेजारीच राहतात असे वाटायचे. अमेरिकेतही असा एक काळ होता, साधारण 1930 ते 1950 च्या सुमाराचा. मला त्याचा पत्ता अगदी उशिरा लागला. काही वर्षांपूर्वी शिकागोजवळ मुलीकडे गेलो होतो. जावईबापूंना जुन्या रेडिओ कार्यक्रमांचा नाद. एकदा गाडीत त्यांनी एक कार्यक्रम लावला. एक माणूस पैसे काढायला स्वतःच्या घराच्या तळघरात उतरत होता. पावले वाजतात, साखळ्या खुळखुळतात, जाड दारे करकरतात, मग भोंगे आणि घंटा. शेवटी भेटतो पहारेकरी, जो इतकी वर्षे खाली बसला आहे की वर जगात काय चालले आहे याचा त्याला पत्ताच नाही. बँकेत स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्यांपैकी एक अनेक वर्षे माझ्या खिशात असायची. मला हसू आवरेना. तो माणूस म्हणजे जॅक बेनी.

त्याचे मूळ नाव बेंजामिन कुबेल्स्की. जन्म 14 फेब्रुवारी 1894, शिकागोचा. वाढला मात्र तिथून उत्तरेला, मिशिगन सरोवराकाठच्या वॉकेगन गावात. आईवडील पूर्व युरोपातून आलेले ज्यू. वडिलांचा लहानसा धंदा. मुलाने मोठा व्हायोलिनवादक व्हावे हे घरातले स्वप्न, म्हणून सहाव्या वर्षीच त्याच्या हाती व्हायोलिन आले. पण पोराला रियाजाचा कंटाळा आणि शाळेचा त्याहून जास्त. हायस्कूल अर्धवटच राहिले. गावातल्या नाटकगृहाच्या वाद्यवृंदात वाजवता वाजवता तो फिरत्या करमणुकीच्या रंगमंचावर गेला.

नावाचीही एक गंमत आहे. तेव्हा यान कुबेलिक नावाचे नामांकित व्हायोलिनवादक होते. कुबेल्स्की नावामुळे घोटाळा होतो अशी हरकत त्यांच्याकडून आली, म्हणून याने बेन बेनी हे नाव घेतले. मग बेन बर्नी या दुसऱ्या कलाकाराची हरकत आली. शेवटी जॅक बेनी. पहिल्या महायुद्धात तो नौदलात होता. तिथल्या एका कार्यक्रमात व्हायोलिन वाजवू लागला तर खलाशांनी हुर्यो उडवली. त्याने व्हायोलिन खाली घेतले आणि चार गमती सांगितल्या. लोक हसले, आणि त्याच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली.

1927 साली त्याचे सेडी मार्क्स हिच्याशी लग्न झाले. पुढे तीच मेरी लिव्हिंगस्टन या नावाने त्याच्या कार्यक्रमात आली. रेडिओवर तो पहिल्यांदा 1932 च्या मार्चमध्ये बोलला. स्वतःची ओळख करून दिली आणि मग क्षणभर थांबला, का, तर त्याचे आम्हाला काय असे म्हणायला श्रोत्यांना वेळ मिळावा म्हणून! त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो 1955 पर्यंत चालला. रविवारी संध्याकाळी सात ही त्याची वेळ. आपल्या गीतमालेला टूथपेस्टचे नाव होते ना, तसेच त्याच्या कार्यक्रमाला जाहिरातदाराचे नाव असायचे. त्यात सर्वांत गाजला जेल-ओ हा जेलीचा माल. युद्धात साखरेची टंचाई झाली, जेली पुरेना, तेव्हा त्याच कंपनीने 1942 मध्ये त्याच्या कार्यक्रमाला न्याहारीच्या पदार्थाचे नाव दिले.

आता मुख्य मुद्दा. रेडिओवरचा जॅक बेनी कसा होता? महाचिक्कू. बढाईखोर. व्हायोलिन कर्कश वाजवणारा आणि तरी स्वतःला उस्ताद समजणारा. वय विचारले की वर्षानुवर्षे एकोणचाळीस. मॅक्सवेल नावाची खटारा गाडी वापरणारा. त्या गाडीचा खोकला आणि उचक्या मेल ब्लँक हा कलाकार नुसत्या तोंडाने काढायचा. पुढे कार्टूनमधल्या बग्ज बनी सशाचा आवाज ज्याचा, तोच हा.

कार्यक्रमाचा मालक बेनी, पण टाळ्यांचे विनोद बाकीच्यांच्या तोंडी. बायको टोमणा मारते, निवेदक डॉन विल्सन, बँडमास्टर फिल हॅरिस आणि गायक डेनिस डे आपापल्या परीने त्याची फजिती करतात, आणि सगळ्यांवर कडी करतो घरातला नोकर रॉचेस्टर. ही भूमिका करायचा एडी अँडरसन हा कृष्णवर्णीय नट. तो 1937 मध्ये आला आणि लोकांचा लाडका झाला. सुरुवातीच्या लिखाणात कृष्णवर्णीयांबद्दलच्या त्या काळच्या हिणकस चेष्टा होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर बेनीने त्या काढून टाकायला लावल्या. नोकर मालकाला हसतो, मालक गप्प बसतो, आणि सारा देश नोकराच्या बाजूने हसतो. त्या काळच्या अमेरिकेत हे लहान नव्हते.

त्याची सर्वांत गाजलेली जागा 1948 ची. रस्त्यात चोर बंदूक रोखतो आणि पैसे की प्राण असे विचारतो. बेनी काहीच बोलत नाही. रेडिओवर शांतता म्हणजे यंत्र बिघडले असे वाटायचे, पण इथे ती शांतता जितकी लांबते तितके लोक जास्त हसतात. चोर वैतागून पुन्हा विचारतो, तेव्हा बेनी चिडून सांगतो की मी विचार करतोय. हा विनोद सुचला तोही तसाच. दोन लेखक बसले होते. एकाने चोराचे वाक्य सांगितले, पुढचे काही सुचेना. दुसरा गप्प. पहिला वैतागला, तर दुसरा म्हणाला की मी विचार करतोय! झाले, काम फत्ते.

फ्रेड ॲलन या दुसऱ्या विनोदवीराशी त्याचे रेडिओवरचे भांडण अनेक वर्षे चालले. प्रत्यक्षात दोघे एकमेकांना मानणारे. 1945 च्या अखेरीस तर त्याने स्पर्धाच लावली, की मला जॅक बेनी का आवडत नाही ते लिहून कळवा. अडीच लाखांवर पत्रे आली. पहिले बक्षीस मिळालेल्या पत्राचा मथितार्थ असा, की बेनीच्या अंगचे सगळे दोष पाहिले की मला माझेच दोष आठवतात, म्हणून तो मला आवडत नाही. मला वाटते, त्याच्या यशाचे गुपित यातच आहे.

खरा बेनी अगदी उलट होता. त्याच्याकडचे लेखक आणि कलाकार वर्षानुवर्षे टिकले. हॉटेलात टिप द्यायची तर इतरांपेक्षा जास्त द्यावी लागे, नाहीतर लोकांना रेडिओवरचे खरे वाटले असते. आणि व्हायोलिन? लहानपणी टाळलेला रियाज त्याने साठीच्या आसपास पुन्हा मनापासून धरला. 1956 पासून मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर तो मदतनिधीचे कार्यक्रम करू लागला. लोक त्याचे बेसूर वाजवणे ऐकायला महाग तिकिटे काढायचे आणि पैसे जायचे वाद्यवृंदांना. अशी लाखो डॉलरची मदत त्याने उभी केली. स्वतःचे मौल्यवान स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनही मागे लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाला देऊन गेला.

26 डिसेंबर 1974 रोजी कर्करोगाने तो वारला, ऐंशीव्या वर्षी. जिवलग मित्र जॉर्ज बर्न्स श्रद्धांजलीला उभा राहिला आणि त्याला पुढे बोलवेना. मृत्युपत्रात बेनीने एक सोय करून ठेवली होती. मेरी हयात असेपर्यंत तिला रोज एक लाल गुलाब पोचवायचा. ती 1983 मध्ये गेली. म्हणजे साडेआठ वर्षे रोज फूल येत राहिले. चिक्कू माणसाचा हा हिशेब मी मनातल्या मनात अनेकदा केला आहे.

आता हे सगळे इथे का सांगितले? जुन्या रहिवाशांना आठवत असेल, एका गणेशोत्सवात मुलांनी नाटुकले बसवले होते. त्यात एक खजिनदार जिन्यातले दिवे मोजत फिरतो आणि कुल्फीच्या काड्यांचीही पावती मागतो. सगळे हसले. मी मात्र मधूनच उठून घरी आलो आणि दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. सोसायटीचा पैसा जपला आणि हे बक्षीस, असे वाटले. त्या मुलांनाही वाईट वाटले असणार. नंतर कुणी नाटुकले बसवलेच नाही.

बेनीला हे जमले, मला जमले नाही. बावीस-तेवीस वर्षे दर रविवारी तो स्वतःवर हसू ओढवून घेत राहिला, आणि त्यामुळे त्याचे काहीच कमी झाले नाही. तेव्हाची ती मुले आता चाळिशीला आली आहेत. त्यांना मी निरोप पाठवला आहे, की रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमात ते नाटुकले पुन्हा करा. खजिनदाराचे काम मी स्वतः करणार आहे. पावतीपुस्तक माझ्याकडे अजून आहे.