गाडगेबाबा : शाळा न शिकलेला, पण अख्ख्या गावाला विचार करायला लावणारा माणूस

अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे. २३ फेब्रुवारी १८७६ ला तिथे झिंगराजी जानोरकर यांच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. घर परीट समाजाचं, गरिबीचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. डेबूजीला शाळा मिळालीच नाही. मामाची गुरं राखली, नांगर धरला, शेतात राबला.

पुढे मामाचं शेत सावकाराच्या घशात गेलं. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, पण अंगठा मात्र उठतो, असा तो प्रकार. बाप दारूनं गेला, जमीन अंगठ्यानं गेली. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावून गप्प बसला असता. डेबूजीनं नशिबाला दोष दिला नाही, आपल्या घरात चुकतंय कुठं ते शोधलं.

नुसतं शोधून तो थांबला नाही. पहिल्या मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचं जेवण घालायची चाल होती. त्यानं गोडाधोडाचं जेवण दिलं. भाऊबंद नाराज झाले, तरी तो मागे हटला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि मातीचं फुटकं गाडगं. त्यातच भाकरी खायची, त्यातच पाणी प्यायचं. म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. ज्या गावात जायचं तिथे दिवसा रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचं.

त्यांचं कीर्तन मोठं वेगळं होतं. बाबा वऱ्हाडी बोलीत समोर बसलेल्या लोकांनाच प्रश्न विचारायचे. देव कुणी पाहिला का? कोंबडं-बकरं कापून नवस फिटतो का? कर्ज काढून लग्न कशाला करायचं? उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं, त्यामुळे ते घरापर्यंत सोबत जायचं. परक्यानं सांगितलेलं माणूस विसरतो. स्वतः दिलेलं उत्तर विसरता येत नाही.

लोक पाया पडायला वाकले की बाबा त्यांना अडवायचे. ते कुणाचे गुरू झाले नाहीत, कुणाला शिष्य केलं नाही. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांकडून लाखो रुपये आले, पण ते स्वतः गाडग्यातच जेवत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, कारण पोरं शिकली पाहिजेत. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला.

आज त्यांच्या नावानं विद्यापीठ आहे, ग्रामस्वच्छता अभियान आहे. पुतळेही खूप आहेत. जयंतीला आपण हार घालतो, रस्ता झाडतो, फोटो काढतो. पण बाबांनी खराट्याइतकेच प्रश्नही आपल्या हाती दिले होते. यंदाच्या लग्नसराईत आपल्या घरी कर्ज निघणार आहे का, आणि ते नेमकं कशासाठी, एवढं एकदा घरात बसून विचारून बघा. उत्तर तुमचं तुम्हालाच द्यायचं आहे.