डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ : काचपट्टीवर कर्करोग ओळखणारे डॉक्टर

पेशी शिकवताना आपण कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवतो, थेंबभर आयोडीन टाकतो आणि मुलांना सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगतो. जवळपास अशाच साध्या सामानातून कर्करोग ओळखण्याची पद्धत डॉ. जॉर्ज पापानिकोलाउ यांनी दिली.

त्यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील किमी या गावी झाला. वडील डॉक्टर होते. जॉर्ज यांनी १९०४ मध्ये अथेन्सला वैद्यकीय पदवी आणि १९१० मध्ये म्युनिकला डॉक्टरेट मिळवली. १९१३ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह ते अमेरिकेत आले. खिशात फारसे पैसे नव्हते, इंग्रजीही धड येत नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका दुकानात जॉर्ज गालिचे विकत आणि मेरी बटणं शिवत.

पुढे त्यांना कॉर्नेलच्या वैद्यकीय महाविद्यालयात काम मिळालं. तिथे गिनीपिगच्या मादीचं बीज नेमकं कधी तयार होतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ते रोज योनीतला स्राव काचपट्टीवर पसरून पाहू लागले. चक्राप्रमाणे पेशींचं रूप बदलतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. कित्येक वर्षं रोज नमुना देणारी पहिली स्त्री म्हणजे मेरीच!

या तपासण्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशीही दिसल्या. केंद्रक मोठं, आकार वेडावाकडा. १९२८ मध्ये त्यांनी हे मांडलं, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तुकडा कापून तपासता येतो, मग सुट्या पेशी कशाला बघायच्या, असा सूर होता. पण तुकडा कुठून कापायचा हे कळायला जखम किंवा गाठ दिसावी लागते. पेशी त्याआधीच गळू लागतात. सगळा फरक इथेच आहे.

ते थांबले नाहीत. डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत त्यांनी १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. हीच आजची ‘पॅप टेस्ट’. पेशी हलकेच खरवडायच्या, अल्कोहोलमध्ये पक्क्या करायच्या, रंगवायच्या आणि पाहायच्या. भूल नाही, टाके नाहीत, खर्चही कमी. मात्र हा शेवटचा निकाल नव्हे. शंका आली तर बायोप्सी करून खात्री करतात, मगच शस्त्रक्रियेचं ठरतं. थुंकी, लघवी किंवा सुईने गाठीतून काढलेल्या पेशीही आज अशाच तपासल्या जातात.

१९ फेब्रुवारी १९६२ रोजी मायामी येथे त्यांचं निधन झालं. त्यांच्यामागे मेरी यांनी काम चालू ठेवलं. जिथे ही तपासणी नियमित होते, तिथे या कर्करोगाचे मृत्यू खूप कमी झाले आहेत.

आपल्या देशात मात्र हा आजार अजूनही अनेक स्त्रियांना गाठतो. घरातली आई सगळ्यांचं दुखणं बघते, स्वतःची तपासणी मागे टाकते. म्हणून हा धडा वर्गात शिकवाच. पण पालकहो, आज घरी गेल्यावर तिला एकदा विचारा, तुझी तपासणी कधी करायची?