ओसाड माळाचा धनी

द्राक्षांच्या तोडणीला निघालेल्या तीन बायकांनी सकाळी त्यांना घळीतल्या एका दगडावर बसलेले पाहिले. संध्याकाळी परतताना पाहतात तो गृहस्थ तिथेच! बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, असे समजून बायकांनी क्रूसाची खूण केली आणि त्या पुढे गेल्या. दक्षिण फ्रान्समधले हे ‘वेडे’ गृहस्थ म्हणजे झाँ आन्री फाब्र. दिवसभर ते एका गांधीलमाशीवर पाळत ठेवून बसले होते.

फाब्र यांचा जन्म १८२३ सालचा, एका डोंगराळ खेड्यातला. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शिष्यवृत्तीवर शिकून ते शिक्षक झाले, मग स्वतःच अभ्यास करून त्यांनी पदव्या मिळवल्या. अव्हिन्योंला शिकवत असताना त्यांनी मुलींच्या वर्गात फुलांचे परागीभवन समजावून सांगितले आणि सनातनी मंडळी खवळली. १८७० मध्ये नोकरी गेली. घरमालकिणींनीही घर सोडायला सांगितले. भाड्याच्या कराराचा कागदच नव्हता. पदरी बायको-मुले. अशा वेळी इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी ३,००० फ्रँक पाठवले, तेही तारण न घेता. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमर गेली, त्यामुळे असे कर्ज देण्याला किती मोठे मन लागते ते मी जाणतो. फाब्र यांनी पुढे ती सगळी रक्कम फेडली.

१८७७ मध्ये त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा ज्यूल गेला. बापाबरोबर कीटक हुडकत हिंडणारा हा मुलगा. काही गांधीलमाश्यांच्या जातींना फाब्र यांनी त्याचे नाव दिले. दोन वर्षांनी सेरिन्यां गावी त्यांनी दगडगोट्यांची, काटेरी झुडपांची नापीक जागा घेतली. कोणत्याही शेतकऱ्याने नाक मुरडावे असा तो माळ त्यांची प्रयोगशाळा झाला.

त्या मुलखातल्या शेतकऱ्याला एक राखाडी अळी छळते. दिवसा ती मातीत दडते आणि रात्री रोपे बुंध्याशी कुरतडते. धान्य म्हणू नका, भाजीपाला म्हणू नका. फाब्र यांना प्रयोगासाठी ही अळी हवी होती. घरच्यांना हाताशी घेऊन तासन् तास शोधले, पण एकही सापडेना. शेवटी वाट दाखवली ती एका केसाळ गांधीलमाशीने. ती जिथे माती उकरी, तिथे फाब्र सुरीने आणखी खोल खणत आणि खाली अळी निघे! असे एकदा नव्हे, पुनःपुन्हा घडले. ही माशी अळीला एकेका वेढ्यावर नांगी मारते. अळी मरत नाही, लुळी पडते. मग तिला बिळात ओढून नेऊन माशी तिच्यावर एक अंडे घालते. पिल्लाला ताज्या अन्नाची सोय झाली, आणि रोपांचा एक वैरी कमी झाला.

कोबीवरच्या अळ्यांची शत्रू असलेली चिमुकली गांधीलमाशीही त्यांनी अभ्यासली. तिची पिल्ले अळीला आतून पोखरतात आणि बाहेर येऊन पिवळे कोष विणतात. ही माशी फुलपाखराच्या अंड्यांतच अंडी घालते, असे फाब्र यांना वाटले. प्रत्यक्षात ती कोवळ्या अळीत घालते. एवढ्या पारखी नजरेचीही चूक होऊ शकते!

१८७९ ते १९०७ या काळात त्यांच्या कीटकविषयक आठवणींचे दहा खंड निघाले. कीर्ती आली ती म्हातारपणी. १९१५ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्याच माळावरच्या घरात त्यांनी डोळे मिटले.

२०१८ साली अमेरिकेतली लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि लवकरच आपल्याकडच्या मक्यावरही आली. तेव्हा शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या उपायांत ट्रायकोकार्डही होते. कागदाच्या या पट्टीवरून निघणारी गांधीलमाशी मोहरीच्या दाण्याहून लहान असते. ती किडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते, म्हणजे अळी जन्मालाच येत नाही. मात्र घाईघाईने विषारी फवारा मारला, तर ही राखणदारही मरते.

तेव्हा मंडळी, परसातल्या पानावर मलूल अळीशेजारी इवल्या कोषांचा पुंजका दिसला, तर अळीचीच अंडी समजून तो चिरडू नका. दोन दिवस थांबा आणि त्यातून कोण बाहेर येते ते मुलांना दाखवा.