मजुरीचे मोल

बँकेत सोनेतारणाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. कर्ज मिळते ते सोन्याच्या वजनावर आणि कसावर, मजुरीवर नाही. पाटल्यांवरची नक्षी कितीही नाजूक असो, कर्जाच्या आकड्यात ती येत नाही. हा नियम मी नोकरीत इमानाने पाळला. म्हणूनच अलेक्झांडर कॅल्डर या अमेरिकन शिल्पकाराची मला मोठी गंमत वाटते. त्याच्या दागिन्यांत बहुधा मजुरीच होती, सोने क्वचितच.

कॅल्डरचा जन्म १८९८चा, पेनसिल्व्हेनियातला. आजोबा आणि वडील शिल्पकार, आई चित्रकार. १९०६ साली हे कुटुंब कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आले. तिथे रस्त्यावर विजेच्या तारा जोडणारे कामगार तांब्याच्या तारेचे तुकडे टाकून जात. आठ वर्षांचा सँडी (घरात त्याला याच नावाने हाक मारीत) ते वेचून आणी आणि थोरल्या बहिणीच्या बाहुल्यांसाठी त्यांचे दागिने घडवी.

मोठेपणी, १९१९ मध्ये तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला. पण नोकरीत जीव रमेना. १९२६ मध्ये त्याने पॅरिस गाठले. तिथे तार, बुचे आणि चिंध्या यांची एक चिमुकली सर्कस त्याने उभी केली आणि तिचे खेळ स्वतःच करून दाखवले. पुढे छताला टांगलेल्या, झुळुकीसरशी हलणाऱ्या ‘मोबाइल’ शिल्पांनी तो जगप्रसिद्ध झाला.

हातातली पक्कड मात्र सुटली नाही. पितळेची तार, कधी चांदीची, फुटक्या काचा, चिनी मातीची खापरे, गोटे, जे हाती लागेल ते त्याला चाले. तो सहसा डाख देत नसे. तार हातोडीने ठोकून चपटी करायची, तिची वेटोळी वळायची आणि तुकडे तारेनेच बांधायचे, ही त्याची रीत. असे सुमारे १८०० दागिने त्याने घडवले. त्यांतले कितीतरी पत्नी लुइसाला आणि मित्रांच्या घरच्या बायकांना भेट म्हणून गेले. १९४२ मध्ये न्यूयॉर्कला आपल्या कलादालनाच्या उद्घाटनाला पेगी गुगनहाइम या श्रीमंत बाई एका कानात कॅल्डरचे आणि दुसऱ्या कानात चित्रकार ताँगीचे कर्णभूषण घालून मिरवल्या!

१९५५ मध्ये गिरा साराभाईंच्या निमंत्रणावरून तो पत्नीसह अहमदाबादला आला. तिथे त्याने शिल्पे केली आणि दागिनेही. सोन्यावर जीव टाकणाऱ्या आपल्या देशातही त्याचा हात स्वस्थ बसला नाही.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कला तो वारला. त्याने पितळी तारेतून घडवलेला एक भलामोठा हार आज तिथल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. माझ्या जुन्या तराजूत घातला असता तर त्यावर दमडीचेही कर्ज मंजूर झाले नसते.

कर्ज फेडून पाटल्या परत घेताना अनेक बायका आधी नक्षीवरून बोट फिरवीत आणि मग त्या हातात चढवीत. मजुरीचे मोल त्यांना ठाऊक होते. आमच्या वहीत मात्र त्यासाठी रकाना नव्हता.