कै. दुर्गाबाई खोटे

गेल्या शतकाच्या आरंभीं कुलीन स्त्रीनें नाटकांत काम करणें म्हणजे घराण्यास काळिमा लावणें, अशी आपल्या समाजाची दृढ समजूत होती. बालगंधर्वांची वस्त्रें नेसण्याची तऱ्हा पाहून प्रतिष्ठित स्त्रिया आपली वेषभूषा सुधारीत. परंतु त्यांपैकीं एखादी स्वतः तोंडास रंग लावील, ही कल्पनाहि कोणास सहन झाली नसती. १९१३ सालीं दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई यांनीं दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांत काम केलें होतें खरें. तथापि सुखवस्तु घरांचीं दारें त्यानंतरहि बरींच वर्षें बंदच राहिलीं. तीं ज्यांनीं उघडलीं, त्यांत दुर्गाबाई खोटे यांचें नांव प्रमुख आहे.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजीं मुंबईस, मूळ गोमंतकांतील लाड घराण्यांत झाला. माहेरचें नांव विठा. कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर कॉलेज येथें त्यांचें शिक्षण झालें. विवाह एका श्रीमंत कुटुंबांत झाला. पण पुढें घरची लक्ष्मी रुसली, आणि तरुण वयांतच त्यांस वैधव्य आलें. पदरीं दोन लहान मुलें! आश्रितासारखें राहणें त्यांच्या मानी स्वभावास रुचेना. शिकवण्या करून पाहिल्या, पण तेवढ्यानें काय भागणार?

१९३१ सालीं 'फरेबी जाल' या मूकपटास जोडलेल्या बोलक्या भागांत त्यांस अल्पसें काम मिळालें. चित्र पडलें, आणि लोकनिंदेचा भडिमार मात्र दोन्ही घराण्यांवर झाला. अशा वेळीं दुसरी कोणी पुनः त्या वाटेस गेली नसती. परंतु प्रभात कंपनीच्या शांताराम बापूंनीं त्यांस बोलाविलें, आणि १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत त्या तारामती झाल्या. गाणीं स्वतःच गाइलीं. कालपर्यंत नांवें ठेवणारे लोकच आतां तिकिटांसाठीं रांगा लावूं लागले. १९३६ च्या 'अमर ज्योति' मध्यें त्यांनीं सौदामिनीचें काम केलें. कायदा आपलें मूल आपल्यास देत नाहीं, हें पाहून समुद्रावर चांचेगिरी पत्करणारी ही माता! स्वतः मुलांसाठीं जगाशीं झगडलेल्या स्त्रीस ही भूमिका शिकवावी लागली नसेल, असें आम्हांस वाटतें.

एकाच कंपनीशीं बांधून न घेतां निरनिराळ्या कंपन्यांत काम करण्याचा धीरहि त्यांनीं फार लवकर दाखविला. १९३७ सालीं 'साथी' हा चित्रपट स्वतः काढला. 'भरत मिलाप' मधील कैकेयी व १९६० च्या 'मुघल-ए-आझम' मधील जोधाबाई पुष्कळ पालकांस आठवत असतील. बीबीका मकबरा रोज पाहणाऱ्या आमच्या छत्रपति संभाजीनगरच्या मुलांनीं ती जोधाबाई अवश्य पाहावी. राज्य आणि पुत्र यांमध्यें सांपडलेल्या मातेची व्यथा त्यांस तींत दिसेल.

आमच्या मतें मात्र त्यांची खरी कसोटी रंगभूमीवर लागली. तेथें चुकलेला शब्द पुनः घेतां येत नाहीं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी' मधील आनंदीबाई, आणि शेक्सपीअरच्या मॅक्बेथवरून शिरवाडकरांनीं रचलेल्या 'राजमुकुट' मधील राणी, या भूमिका त्यांनीं केल्या त्या चित्रपटांत कीर्ति मिळाल्यानंतर, वयाच्या पन्नाशीच्या सुमारास. १९५८ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांचा गौरव केला. पुढें १९६८ सालीं पद्मश्री व १९८३ सालीं दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला.

दूरदर्शनचा काळ आला तेव्हां त्या ऐंशी वर्षांच्या घरांत होत्या. तरीहि त्यांच्याच निर्मितिसंस्थेनें आर. के. लक्ष्मण यांच्या पात्रांवर आधारलेली 'वागळे की दुनिया' ही मालिका १९८८ सालीं घरोघरीं पोंचविली. साध्या कारकुनाचा संसार, त्याची काटकसर, त्याचा भाबडा सरळपणा! तोंपर्यंत एका मुलाच्या अकाली मृत्यूचें दुःखहि त्यांनीं सोसलें होतें. 'मी दुर्गा खोटे' हें आत्मचरित्र त्यांनीं मराठींत लिहिलें. तें आमच्या वरच्या वर्गांतील मुलींनीं वाचावें. २२ सप्टेंबर १९९१ रोजीं त्यांचें देहावसान झालें.