भाडोत्री फौजेची बेगम

नाहोको उएहाशी या जपानी लेखिकेची ‘मोरिबितो’ ही फँटसी मालिका तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल, नाहीतर तिचा अ‍ॅनिमे तरी पाहिला असेल. त्यातली बाल्सा म्हणजे हातात भाला घेऊन, पैशाच्या बदल्यात दुसऱ्याच्या जिवाची राखण करणारी बाई. एका लहानग्या राजपुत्राला त्याच्याच बापाच्या माणसांपासून वाचवण्याचं काम तिच्या गळ्यात पडतं आणि तिथून सगळी धमाल सुरू होते. अशा बायका फक्त गोष्टीतच असतात, असं वाटत असेल तर जरा थांबा. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याच देशात अशी एक होती. तिच्याकडे भाल्याऐवजी तोफा होत्या आणि तिने ज्याचा जीव वाचवला तो होता खुद्द दिल्लीचा बादशहा. तिचं नाव बेगम समरू.

जन्माचं नाव फरझाना. साल साधारण १७५० च्या आसपासचं, गाव मेरठकडचं कोताना. वडील गेल्यावर सावत्र भावाने घराबाहेर काढलं आणि आई मुलीला घेऊन दिल्लीला आली, असं तिच्या चरित्रांमध्ये सांगितलेलं असतं. दिल्लीत पोट भरायला मार्ग कुठला? मुलगी चावडी बाजारात नाचगाण्याच्या कोठ्यावर पोचली. तिथे तिची गाठ वॉल्टर राइनहार्ट नावाच्या युरोपियन शिपाईगड्याशी पडली.

हा माणूस काही हिरो नव्हता. बंगालच्या मीर कासीमच्या नोकरीत असताना १७६३ मध्ये पाटण्याला इंग्रज कैद्यांची कत्तल त्याने केली होती आणि तेव्हापासून इंग्रज त्याच्या मागावर होते. जो पगार देईल त्याच्यासाठी लढायचं, हा त्याचा धंदा. त्याचं टोपणनाव ‘सोंब्र’, म्हणजे उदास चेहऱ्याचा. शिपायांच्या तोंडी त्याचं ‘समरू’ झालं. फरझाना त्याच्याबरोबर राहू लागली आणि त्याच्या छावणीबरोबर फिरू लागली. घोड्यावर बसणं, फौज हलवणं, पगाराचे हिशेब आणि दरबारातले डावपेच हे सगळं ती तिथेच शिकली. पुढे बादशहाच्या चाकरीत समरूला मेरठजवळची सरधना जहागीर मिळाली.

१७७८ मध्ये समरू आग्र्याला वारला. पहिल्या बायकोपासून त्याला एक मुलगा होता, पण तो कारभार हाकण्यातला नव्हता. फौजेतले अधिकारी आणि शिपाई यांनी एकमुखाने बेगमचं नाव पुढे केलं आणि दिल्ली दरबाराने ते मान्य केलं. विचार करा, पाच पलटणी, चाळीसेक तोफा, घोडदळ, त्यात युरोपातून पळून आलेले उडाणटप्पू अधिकारी. आणि त्यांची सेनापती जेमतेम साडेचार फूट उंचीची, तिशीही न गाठलेली बाई! तीन वर्षांनी तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि जोआना हे नाव घेतलं. डोक्याला पागोटं आणि हातात हुक्क्याची नळी मात्र शेवटपर्यंत राहिली.

या फौजेची एक जुनी खोड होती. पगार थकला किंवा मर्जी फिरली की शिपाई आपल्याच अधिकाऱ्याला धरून तोफेला बांधायचे. भाडोत्री फौजेची निष्ठा अशीच असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हा दिल्लीत शाह आलम दुसरा बादशहा होता. नावाला हिंदुस्थानचा मालक, पण प्रत्यक्षात त्याचा जीव कधी कुणाच्या, तर कधी कुणाच्या हातात. उत्तरेत महादजी शिंद्यांचा दबदबा होता, मात्र १७८७ मध्ये राजपुतान्याच्या मोहिमेत त्यांना माघार घ्यावी लागली आणि रोहिला सरदार गुलाम कादिर दिल्लीवर चालून आला. बेगम तडक फौज घेऊन राजधानीत दाखल झाली आणि बादशहाच्या महालापाशी ठाण मांडून बसली. गुलाम कादिरने तिला आपल्या बाजूला ओढायचे सगळे प्रयत्न केले. ती बधली नाही. त्याने तोफा डागल्या तर तिनेही तोफांनीच उत्तर दिलं. शेवटी तो निघून गेला.

पुढच्याच वर्षी गोकुलगढचा प्रसंग घडला. नजफ कुली खान या बंडखोर सरदाराला धडा शिकवायला बादशहा स्वतः निघाला होता. गोकुलगढाला वेढा पडला, पण बादशाही छावणीत शिस्त नावाला नव्हती. रात्र खाण्यापिण्यात गेली आणि नेमकं तेव्हाच किल्ल्यातून अचानक हल्ला आला. पळापळ झाली, बादशहाचा तंबूही धोक्यात आला. बेगमची माणसं तेवढी शुद्धीवर आणि जागेवर होती. ती पालखीतून थेट लढाईच्या तोंडावर गेली, तोफेजवळ पालखी ठेवायला लावली आणि मारा सुरू करायचा हुकूम दिला. त्या तोफेवर होता जॉर्ज थॉमस, मद्रासला जहाजावरून पळालेला आयरिश खलाशी. हल्ला परतवला गेला. बादशहाने भर दरबारात तिला मुलगी मानलं आणि झेब-उन-निसा हा किताब दिला.

पण बॉडीगार्ड प्रत्येक वेळी जागेवर असतोच असं नाही. १७८८ च्या उन्हाळ्यानंतर गुलाम कादिर पुन्हा आला. या खेपेला बेगम दिल्लीत नव्हती. त्याने लाल किल्ला ताब्यात घेतला आणि ऑगस्टमध्ये म्हाताऱ्या बादशहाचे डोळे काढले. मग मराठी फौज आली. तिचा म्होरक्या होता राणेखान, पानिपतच्या रणातून जखमी महादजींना वाचवणारा भिस्ती. पाणी वाहणारा माणूस आता महादजींचा सरदार होता! बेगमच्या पलटणीही गुलाम कादिरच्या पाठलागात सामील झाल्या. तो पकडला गेला आणि मारला गेला, पण बादशहाची दृष्टी काही परत आली नाही.

बेगमला खरा फटका बसला तो मात्र घरातून. १७९३ मध्ये तिने ल व्हासूल या फ्रेंच अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न केलं. तो खानदानी आणि ताठ होता. इतर अधिकाऱ्यांबरोबर एका पंगतीत जेवणंही त्याला कमीपणाचं वाटायचं. छावणीत कुजबुज वाढली आणि १७९५ मध्ये बंड झालं. समरूच्या त्याच मुलाला शिपायांनी गादीवर बसवलं. नवराबायको रात्री इंग्रजांच्या हद्दीकडे निघाले. पकडले गेलो तर दोघांनीही जीव द्यायचा, असं ठरलं होतं. पाठलाग करणारे जवळ आले तेव्हा तिने स्वतःला भोसकून घेतलं. रक्ताने भरलेलं कापड पाहून घोड्यावरच्या ल व्हासूलने गोळी झाडून घेतली. तो मेला आणि ती वाचली. हे तिने मुद्दाम केलं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. खरं काय ते तिचं तिलाच माहीत.

तिला सरधन्याला परत आणून तोफेला बांधण्यात आलं. जी खोड तिने वर्षानुवर्षं आवरून धरली होती, ती तिच्यावरच उलटली. तिने मदतीचा निरोप पाठवला तो जॉर्ज थॉमसला. गंमत म्हणजे थॉमस तिच्याशी बिनसल्यामुळेच नोकरी सोडून गेला होता आणि आप्पा खंडेराव या मराठी सरदाराच्या चाकरीत होता. तरीही तो आला. काही शिपायांना दम दिला, काहींना पैसे दिले आणि बेगमला पुन्हा तिच्या जागी बसवलं. भाडोत्री माणसाच्या निष्ठेला किंमत असते असं म्हणतात, पण याचा जुना हिशेब तर कधीच मिटला होता.

त्यानंतर तिने चूक केली नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज वेलस्लीशी लढली, तेव्हा शिंद्यांच्या बाजूला बेगमच्या पलटणीही होत्या. त्या सामानाच्या राखणीवर असल्यामुळे बऱ्याचशा धडपणे परतल्या. वारं फिरलंय हे तिने ओळखलं आणि इंग्रजांशी जमवून घेतलं. मरेपर्यंत सरधना तिच्याकडे राहिलं. तिथे तिने भव्य चर्च बांधलं, शेती वाढवली. ती सरळ देवमाणूस होती असं मात्र नाही. दासींना दिलेल्या क्रूर शिक्षांच्या कहाण्याही प्रवाशांनी लिहून ठेवल्या आहेत. २७ जानेवारी १८३६ ला ती गेली आणि कंपनीने लगेच जहागीर ताब्यात घेतली.

कधी दिल्लीला गेलात तर चांदणी चौकातलं विजेच्या सामानाचं मार्केट, भगीरथ पॅलेस, नक्की बघा. वायरी आणि दिव्यांच्या गर्दीत मागे उभे असलेले ते मोठाले खांब तिच्या हवेलीचे आहेत. तिथून थोड्याच अंतरावर लाल किल्ला आहे. धोका आला की तिथे पोचायला तिला फार वेळ लागला नसता.