सावकाराचा झाला दास

संत पुरंदरदासांचा जन्म सुमारे १४८४ सालचा. मूळ नाव श्रीनिवास नायक. सोन्या-रत्नांचा मोठा व्यापार, पण हात भारी आखडता! पत्नीने एका गरिबाला आपली नथ देऊन टाकली आणि त्यांचे डोळे उघडले, अशी कथा सांगतात. सगळी संपत्ती वाटून ते विजयनगरला व्यासतीर्थांचे शिष्य झाले व विठ्ठलाची कन्नड पदे गाऊ लागले.

मला मात्र त्यांचं दुसरं काम फार आवडतं. गाणं शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी सोपे पाठ बांधले, असे मानतात. ज्या सात स्वरांतून पुष्कळ राग निघतात, त्यांना मेळ म्हणतात. दक्षिणेत असे ७२ मेळ आहेत. त्यांतला १५ वा मायामाळवगौळ. त्याचे स्वर आपल्या भैरवाचेच. त्यात सा रे ग म चढायचं, उतरायचं. आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. तिकडची मुलं आजही रोज हेच घोकतात.

१५६४ साली दासांनी देह ठेवला. त्यांची रत्ने कुठे गेली कोण जाणे! पाठ मात्र राहिला. त्याला पैसा लागत नाही, रोजची मेहनत लागते. आपणही पाढे असेच रोज म्हणू या, बरं का!